लाइट गेली की गप्प बसणारा कस्तूर

"खट्ट!"

दिवे गेले. धुलाईचं मोठं मशीन घरघरत थांबलं, वाळवणीचं मशीन दोन गिरक्या खाऊन निपचित पडलं आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मावशीने कपाळावर हात मारला.

"कोणी लावली रे दोन्ही मशिनं एकदम? शंभरदा सांगितलंय, एकाच्या मागून एक लावा! फ्यूज उडतो!"

"मी नाही!" रेडिओ ओरडला.

"तूच! मी पाहिलं!" मास्तरीण म्हणाली.

रेडिओ आणि मास्तरीण ही मावशीची दोन रत्नं. रेडिओ तेरा वर्षांचा, आणि त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद होत नसे. मास्तरीण दहाची, बोलणाऱ्याची चूक काढल्याशिवाय तिला घास गिळत नसे. मावशी रानाच्या कडेला असलेल्या एका विश्रामगृहात कपड्यांचं खातं सांभाळायची. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलक्लॉथ. सुट्टीत मुलं दिवसभर तिच्या धुलाईखोलीतच पडीक असत.

तिसरी होती ठकी. मावशीच्या बहिणीची मुलगी, बारा वर्षांची. ती खिडकीपाशी अभ्र्यांच्या घड्या घालत होती. दिवे गेले तेव्हा ती दचकली नाही, ओरडली नाही. घडी घालून झाली तशी तिने दुसरा अभ्रा घेतला. मग सावकाश म्हणाली,

"तोही थांबला."

"कोण?"

"कस्तूर."

सगळ्यांनी कान टवकारले. खरंच! खिडकीबाहेरच्या झाडीतून सकाळपासून कस्तुराची शीळ चालू होती. विश्रामगृहाची शान होती ती! पाटीवरसुद्धा कस्तुराचं चित्र होतं, आणि लांबलांबचे पाहुणे त्याचं गाणं ऐकायला येत. आता बाहेर चिडीचूप.

"घाबरला असेल अंधाराला," रेडिओ म्हणाला.

"बाहेर ऊन आहे, शहाण्या!" मास्तरीण म्हणाली.

रेडिओने स्टुलावर चढून फ्यूज बसवला. दिवे आले, मशिनं घरघरू लागली, आणि त्याच क्षणी झाडीतून शीळ सुरू झाली.

"परत पहिल्यापासून," ठकी म्हणाली. "आधी लांब शीळ दोनदा, मग ती चढत जाणारी तीनदा. मघाशी सुरुवात अशीच झाली होती. कालही."

बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. एक तर ठकी एवढं बोलली होती, हेच नवल. आणि दुसरं म्हणजे, लाइट गेली की गप्प बसणारा पक्षी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता!

आता ठकीबद्दल सांगायला हवं. तिची आई हिवाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. घरी माणसं आली, रडली, निघून गेली. ठकी रडली नाही. रडूच आलं नाही तिला. हातावर डोकं ठेवून झोपलं की तो हात जसा आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. बाबांनी तिला सुट्टीसाठी इकडे पाठवलं, ती आली. जेव म्हटलं की जेवायची, चल म्हटलं की चालायची. मावशीच्या घरात दिवसभर "आई, हे बघ! आई, ते दे!" चालायचं. ठकी ते ऐकायची. तेही लागायचं नाही. मात्र आत काहीच आवाज नसल्यामुळे तिला बाहेरचं सगळं फार स्वच्छ ऐकू यायचं.

या आठवड्याच्या सुरुवातीला जेवणाच्या दालनाच्या मोठ्या काचेखाली एक कस्तूर मरून पडलेला सापडला होता. काचेत झाडं दिसतात, पक्ष्याला वाटतं पुढे रानच आहे. मास्तरीण ओक्साबोक्शी रडली. ठकीने तो उचलला. पाठ वाळक्या पानासारखी तपकिरी, पोट साईसारखं पांढरं आणि त्यावर काळपट ठिपके, प्रत्येक ठिपका खाली निमुळता. पंखांच्या आतली बाजू फिकट केशरी. ओंजळीत मावेल एवढा पक्षी, वजन म्हणावं तर नाहीच. ठकीने हे सगळं नीट पाहिलं आणि वाट पाहिली, आता तरी काही वाटेल म्हणून. काही वाटलं नाही. मग तिने तो झाडाखाली पुरला आणि हात धुतले.

"प्रयोग करायचा!" दुपारचे चहाचे कप विसळत मास्तरीण म्हणाली. "शास्त्रात असंच असतं. ठकीताई रानात थांबेल. दादा दोन्ही मशिनं लावेल. फ्यूज उडाला की बघायचं, पक्षी काय करतो."

"आणि आईच्या शिव्या कोण खाणार?" रेडिओने विचारलं.

"तुला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी झाडीत जाऊन बसली. तिथे जमिनीवर पानांचा जाड थर होता. समोर एका मोठ्या झाडातून शीळ येत होती, खणखणीत, न थकता. पण पक्षी काही दिसेना. दिसला तो भलतीकडेच, खाली, झुडपांच्या सावलीत. तो चार पावलं धावायचा, थांबायचा, मान तिरकी करून जमिनीकडे बघायचा, चोचीने पानं उलटीपालटी करून भिरकावायचा. कपाटात हरवलेला मोजा शोधणाऱ्या रेडिओसारखं चाललं होतं त्याचं. एकदा त्याला शंखातली गोगलगाय सापडली. तिला चोचीत धरून त्याने एका दगडावर आपटलं. ठक, ठक, ठक! शंख फुटला. आतला मऊ जीव त्याने काढला, पण खाल्ला नाही. चोचीत घेऊन तो काटेरी जाळीकडे उडाला.

ठकी हळूच वाकून बघायला लागली. जाळीत, तिच्या कमरेएवढ्या उंचीवर, घरटं होतं. गवताची वाटी, आतून चिखलाने लिंपून गुळगुळीत केलेली. कडेवर तीन चोची आ वासून वर आलेल्या. दोन जोरात, तिसरी जेमतेम.

बाप घरट्याशी पोचणार, एवढ्यात झाडातली शीळ पुन्हा वर चढली. आणि कस्तूर थबकला! त्याची पिसं फुलली. चोचीतला घास खाली पडला. तो बाणासारखा त्या मोठ्या झाडाकडे गेला, पानांत शिरला, "चिक-चिक-चिक" करत फांद्यांभोवती चकरा मारू लागला. कुणाशी तरी त्याला भांडायचं होतं. त्याच्या घरात घुसून गाणाऱ्या दुसऱ्या कस्तुराला हाकलायचं होतं. पण दुसरा कस्तूर होताच कुठे? इकडे घरट्यात तीन चोची तशाच उघड्या राहिल्या. मग एकेक करून मिटल्या.

पुन्हा तो खाली आला, पुन्हा पानं उलटली, पुन्हा किडा घेतला. शीळ झाली, पुन्हा किडा टाकला.

ठकी बघत राहिली. मग अचानक झाड गप्प झालं. तिकडे धुलाईखोलीत फ्यूज उडाला होता. कस्तूर क्षणभर मान तिरकी करून ऐकत राहिला. शांतता. त्याने खाली झेप घेतली, एक गांडूळ ओढून काढलं आणि थेट घरट्याकडे. एक घास, दुसरा घास. तिसऱ्या पिल्लाच्या चोचीशी तो आला, तेवढ्यात रेडिओने तिकडे फ्यूज बसवला असावा. शीळ वाजली. बाप उडाला.

ठकी उठली. झाडाखाली जाऊन वर पाहिलं. पानांत एक हिरवी कापडी पिशवी टांगलेली होती. तिच्यातून एक बारीक वायर निघून फांदीवरून, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, विश्रामगृहाच्या भिंतीकडे गेलेली.

"स्पीकर!" रेडिओ किंचाळला. "अरे देवा! पाहुणे चार दिवसांपासून एका पिशवीचं गाणं ऐकतायत!"

"हळू बोल!" मास्तरीण म्हणाली. वायरीचा माग काढत तिघं चादरींच्या खोलीपर्यंत आली होती. सर्वांत वरच्या फळीवर, रजयांच्या मागे, एक छोटा डबा होता. त्याच्या पोटात गाण्याचं नखाएवढं कार्ड. उन्हाळ्यात रजयांना हात लावायला कोण जातंय! तिथून दुसरी वायर व्हरांड्यातल्या एका बटणाकडे जात होती, आणि त्या बटणावर कायम एकाच माणसाचा हात असे.

"मॅनेजरकाका," तिघंही म्हणाली.

"जाऊन सांगू या त्यांना," ठकी म्हणाली. "पिल्लं उपाशी आहेत. कळलं की बंद करतील."

मॅनेजरकाका वाईट माणूस नव्हते. पण घाईत असत, आणि घाईतल्या माणसाला ऐकायला वेळ नसतो. ते टेबलावरची फुलं सरळ करत होते.

"हं, आहे स्पीकर. मग?" ते हसले. "अरे बाळांनो, खरा कस्तूर पहाटे गातो आणि तिन्हीसांजेला गातो. तेव्हा आमचे पाहुणे एकतर घोरत असतात, नाहीतर आंघोळीत. त्याला कुठे पाहुण्यांची वेळ कळते! लोक तक्रार करायला लागले, म्हणून सोय केली."

"पण त्याला वाटतं, दुसरा कस्तूर आलाय," ठकी म्हणाली. "तो भांडायला जातो. घास टाकून देतो."

"गाणंच आहे गं, बंदूक नाही! आणि घास भरवायला मादी असते की."

"ती तुमच्या काचेवर आपटून मेली."

ठकीने हे असं सपाट सांगितलं की मॅनेजरकाकांची फुलं क्षणभर हातातच राहिली. पण क्षणभरच.

"वाईट झालं. पण आता हंगाम आहे, समजून घ्या. आणि पाहुण्यांना काही सांगायचं नाही, बरं का! त्यांना काय कळतंय म्हणा! बदक दाखवून कस्तूर म्हटलं तरी वा वा करतील! चला, पळा. नाहीतर तुमच्या आईला सांगावं लागेल मला."

तिघं बाहेर आली. मास्तरणीचे डोळे भरले होते.

"दुष्ट! आता काय करायचं? वायर कापली तर आईवर येईल."

 रेडिओने मात्र खिशातून मावशीचा जुना मोबाइल काढला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"मी सगळं रेकॉर्ड केलंय," तो म्हणाला. "आणि या मोबाइलमध्ये तसलंच कार्ड आहे."

बेत ठरला. काका दुपारी पाहुण्यांबरोबर गाणंही झोपवत आणि चहाच्या वेळी बटण दाबत. त्या मधल्या वेळात डब्यातलं कार्ड बदलायचं. सापडलं तर मावशीची नोकरी जाईल, हे तिघांनाही ठाऊक होतं. रेडिओची ऐन वेळी पाचावर धारण बसली. मास्तरणीचा हात वरच्या फळीला पोचेना.

"मी जाते," ठकी म्हणाली. "मला भीती वाटत नाही."

ती बढाई नव्हती. भीती वाटायला आत काहीतरी हलावं लागतं. ठकी शिडीवर चढली, रजया सरकवल्या, डबा उघडला, जुनं कार्ड काढून नवं बसवलं. बोटंसुद्धा थरथरली नाहीत. तेवढ्यात दाराची कडी वाजली!

ती तशीच वरच्या फळीवर रजयांच्या मागे सरपटली. खाली मॅनेजरकाका आले. जांभई देत त्यांनी एक उशी घेतली, दाबून पाहिली, परत ठेवली, दुसरी घेतली. शिडीकडे नजर गेली.

"ही बाई शिडी इथेच ठेवते," ते पुटपुटले, आणि शिडीला हात घातला.

ठकीला वाटलं, आता वर बघणार. त्यांनी बघितलं तर मावशी जाईल, आणि कार्ड जाईल, आणि ते तिसरं पिल्लू, जेमतेम चोच उघडणारं... आणि एकाएकी कुणीतरी दार ठोठावल्यासारखी तिची छाती धडधडायला लागली. एवढ्या जोरात, की काकांना ऐकू जाईल असं वाटलं! ठकीने दोन्ही हातांनी छाती दाबून धरली. तिला भयंकर भीती वाटत होती.

काकांनी शिडी भिंतीला लावली आणि उशी बगलेत मारून ते गेले. शिडी आता पलीकडच्या भिंतीशी. ठकीने रजयांचा एक ढीग खाली ढकलला आणि त्यावर धप्पकन उडी मारली. रजया परत रचताना तिचे हात लटलट कापत होते.

चहाच्या वेळी व्हरांडा भरला. पाहुणे खुर्च्यांत टेकले. सर्वांत पुढे दुर्बीणवाले आजोबा, कस्तूर आपल्याला फांदीवर 'स्पष्ट' दिसला असं ते जो भेटेल त्याला सांगत. त्या दिवशी नेमक्या विश्रामगृहाच्या मालकीणबाईही आल्या होत्या. पांढऱ्या केसांच्या, ताठ. मावशी टेबलक्लॉथ घेऊन उभी होती. तिला कशाचीच कल्पना नव्हती.

"आता गाईल बघा," मॅनेजरकाका म्हणाले, आणि हात मागे नेऊन त्यांनी हळूच बटण दाबलं.

झाड खाकरलं. मग झाडातून खणखणीत आवाज आला:

"हं, आहे स्पीकर. मग?"

आजोबांच्या हातातून बिस्कीट चहात पडलं.

"...आमचे पाहुणे एकतर घोरत असतात, नाहीतर आंघोळीत!" झाड पुढे म्हणालं. "...त्यांना काय कळतंय म्हणा! बदक दाखवून कस्तूर म्हटलं तरी वा वा करतील!"

"बदक?" आजोबा गरजले. "मला बदक?"

मॅनेजरकाका ततपप करत बटण शोधू लागले. घाबरगुंडीत त्यांनी पंख्याचं बटण दाबलं, मग घंटेचं! कुणीतरी हसलं, मग सगळेच हसू लागले, आजोबा सोडून. रेडिओची तर हसून मुरकुंडी वळली. अखेर झाड गप्प झालं.

"हा काय प्रकार आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

 रेडिओच्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप लागलं. मग ठकी पुढे आली.

"कार्ड मी बदललं. मावशीला काही माहीत नव्हतं. तुमच्या काचेवर आपटून कस्तुराची जोडीदारीण मेली. आता तीन पिल्लांना तो एकटाच भरवतो. पण हे गाणं लागलं की त्याला वाटतं, कुणीतरी आपलं रान घ्यायला आलंय. तो दिवसभर त्या पिशवीशी भांडतो आणि घास टाकून देतो. त्याला कळत नाही, की तिथे कुणीच नाहीये! पिल्लं तोंड उघडून वाट बघतात. त्यांना आई नाही, आणि बाप असून..."

तिचा आवाज चिरकला. 

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. "दाखव मला," त्या म्हणाल्या.

झाडीत लांबूनच त्यांनी पाहिलं. आता शीळ नव्हती. बाप खाली येत होता, पानं उधळत होता, घरट्याकडे जात होता. पुन्हा खाली, पुन्हा वर. मालकीणबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्यावर एकच वाक्य बोलल्या, "पिशवी उतरवा." मॅनेजरकाका स्वतः शिडीवर चढले. खाली उतरून ठकीसमोर आले, मान खाली घालून म्हणाले, "पोरी, तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चुकलो."

मावशीकडच्या फाटक्या चादरींच्या पट्ट्या कापून संध्याकाळपर्यंत त्या मोठ्या काचेबाहेर टांगल्या गेल्या, पुन्हा कुणी आपटू नये म्हणून. "आता पाहुण्यांना हवं असेल तर पहाटे उठतील," मालकीणबाई म्हणाल्या. "बाई, ही मुलं तुमची? हिऱ्यासारखी आहेत! शाब्बास!" दुर्बीणवाल्या आजोबांनीही मोठ्या मनाने दुर्बीण पुसून मास्तरणीच्या गळ्यात घातली. "फक्त सुट्टीपुरती हं!" रेडिओला टाळी, मास्तरणीला टाळी, ठकीच्या पाठीवर थाप. दोघं फुशारून गेली. ठकी "थँक्यू" म्हणाली आणि हळूच बाजूला झाली.

ती एकदा जाळीकडे जाऊन आली. दोन चोची वर आल्या होत्या. थोड्या वेळाने तिसरीही आली. उशिरा, पण आली, आणि बापाने तिच्यात घास ठेवला.

ऊन उतरलं तशी ती मावशीबरोबर वाळलेल्या चादरी काढायला गेली. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला ठकी. चादर ताणायची, मधे दुमडायची, चालत जवळ यायचं, टोकं एकमेकींच्या हातात द्यायची, परत मागे जायचं.

आणि तेव्हा झाडाच्या शेंड्यावरून शीळ आली. त्या पिशवीसारखी कान किटवणारी नव्हती. एक तान, पुन्हा तीच. मग दुसरीच काहीतरी, तीनदा. मग भलतीच. पुढे काय येईल काही सांगता येत नव्हतं. पिल्लं पोटभर जेवली होती. भांडायला कुणी उरलं नव्हतं. उघड्या शेंड्यावर एकटाच बसून तो गात होता.

ठकी चादरीची दोन टोकं घेऊन मावशीपाशी आली. टोकं द्यायचं तिला सुचलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "माझी आई गेली."

कित्येक महिन्यांत हे वाक्य तिने उच्चारलं नव्हतं. मावशीचे हात थांबले.

"हो गं राजा," मावशी म्हणाली. "गेली. माझी ताई गेली." आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला. "मीसुद्धा कुणाला म्हटलं नव्हतं बघ. सकाळ झाली की मशीन लावत होते नुसती."

मग ठकीला रडू आलं. पोटातून, घशातून, हुंदक्यावर हुंदके देत, नाक पुसायचं भान न ठेवता ती रडली. फार दुखत होतं. सगळीकडे दुखत होतं. मावशीने तिला उराशी घट्ट धरलं आणि तीही रडली.

चादर मधल्या मधे निसटून मातीत पडली. अभ्र्यावर बोटाएवढा डाग दिसला तर घर डोक्यावर घेणारी मावशी त्या चादरीवरच उभी होती, आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.